चुकांचा आकडा

घोड्यावरून पडलेल्या उलानच्या डोक्याचा स्कॅन झाला होता, पण त्याचं चित्र काही राजधानीत, बिश्केकला पोचेना. खिंड बर्फाने बंद, त्यामुळे पोराला हलवणं शक्य नव्हतं. इथेच डोकं उघडायचं की थांबायचं, हे तिथले मेंदूचे डॉक्टर चित्र पाहून सांगणार होते. आणि चित्र अर्ध्यातच तुटत होतं.

आमच्या इस्पितळाच्या जुन्या इमारतीतल्या नेटवर्कच्या स्विचपासून नव्या इमारतीतल्या स्विचपर्यंतची काचेची तार सकाळी मीच जोडली होती. आता पडद्यावर, पाठवताना होणाऱ्या चुकांचा आकडा चढत होता. तार बदलली, तरी चढतोच. ती ज्याच्यात खोचतात ते मॉड्यूल बदललं. तरी तेच!

"नुर्झादा, अजून किती?" ताबिल्दी डॉक्टर दारातून ओरडले. "त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी व्हायला लागलीय, मेंदूवर दाब वाढतोय."

"असे डोक्यावर उभे राहिलात तर मुळीच होणार नाही. जा तुम्ही!"

शेवटी तारेचं टोक भिंगाखाली धरलं. केसाएवढ्या काचेवर काळे ठिपके होते. आर्चाची काजळी! नवं घर, नवी गाडी, सगळ्यांना आम्ही त्या झाडाची धुरी देतो. सकाळी मी चहाला गेले तेव्हा टोकं उघडीच होती, टोपणं माझ्या खिशात. आणि नंतर बदलाबदली करून तोच मळ मी नव्या तारेला, नव्या मॉड्यूलला लावत बसले होते.

"कोणत्या शहाण्याने इथे धुरी दिली?" मी बोळात येऊन ओरडले.

"मी दिली, बाळा." मुख्य नर्स सायरागुल एजे, आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताई, भिंतीला टेकून उभ्या होत्या. उलान त्यांचाच मुलगा. "नव्या यंत्राला दृष्ट लागू नये म्हणून. का गं? त्यानेच अडलंय?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही.

"हो, एजे. पण टोपणं मी लावली नव्हती."

दोन्ही टोकं स्पिरिटने पुसली, मॉड्यूलची भोकं साफ केली, भिंगाखाली पुन्हा पाहिलं आणि तार खोचली. आकडा थांबला. चित्र गेलं, आणि लगेच फोन आला: रक्त साचलंय, आत्ता उघडा, आम्ही इथून पडद्यावर बघत सांगतो.

शस्त्रक्रियेला उभं राहता येईल अशी दुसरी नर्स इस्पितळात नव्हती.

"जमेल, सायरागुल?" डॉक्टरांनी विचारलं.

एजेंनी बाह्या वर केल्या. जाता जाता माझ्याकडे वळल्या. "मध्येच तुटणार नाही ना गं?"

"नाही तुटणार," मी म्हणाले. मला मनातून भयंकर भीती वाटत होती.

स्विचसमोरून मी हलले नाही. कुणी दाराशी आलं की अंगावर धावून जायचे.

बऱ्याच वेळाने एजे आल्या आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. मग त्यांनी माझं बोट मुठीत घट्ट धरलं.

"असं दाबलं गं माझं बोट उलानने," त्या म्हणाल्या.