किन्हवलीचा राबतज्ज्ञ आणि मी

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो; पण नुसतं टेपरेकॉर्डर म्हणालात तर मला राग येईल. मी डबल कॅसेटचा आहे. माझ्या पोटात एका वेळी दोन कॅसेट मावतात आणि एकीतलं गाणं दुसरीत उतरवता येतं. माझ्या पाठीवर 'मेड इन जपान' असं लिहिलेलं आहे. खरं सांगायचं तर माझा जन्म कल्याणच्या पलीकडे एका पत्र्याच्या गाळ्यात झाला, आणि ज्या काकांनी माझे स्क्रू आवळले त्यांनीच ती चिठ्ठी चिकटवली. जपान मी अजून पाहिलेलं नाही.

१९९३ साली किन्हवलीच्या लडकू वेखंडे यांनी मला विकत घेतलं. भातशेती करणारा साधा, तापट माणूस. एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, "लगेजचं तिकीट काढा." लडकूबाबा म्हणाले, "लगेज आसंल तुजा. हा आमच्या घरातला हाय." त्या वाक्याने माझी छाती जी फुगली ती अजून उतरलेली नाही. घरी सकुबाईंनी मला ओवाळलं, कुंकू लावलं. त्यातलं थोडं डाव्या स्पीकरच्या जाळीत गेलं आणि तिथेच राहिलं. मग माझ्यासाठी लोकरीचं झाकण विणलं गेलं. गणपतीत आरत्या आणि लग्नसराईत हळदीची गाणी, असं माझं सुखाचं चाललं होतं.

त्यांचा मुलगा जयराम तेव्हा लग्नावरातीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत पॅड वाजवायचा. विशी उलटलेला, हाताने हुशार, तोंडाने त्याहून हुशार. १९९६ साली तो कल्याणहून एक कॅसेट घेऊन आला. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. ती माझ्या पोटात गेली आणि मी चक्रावलो. ढोल वाजत होता, पण गाणं काही सुरू होईना. एक माणूस इंग्रजीत नुसता बोलत सुटला होता, श्वास न घेता.

"कोनाशी भांडतोय ह्यो?" लडकूबाबांनी विचारलं.

"भांडंल नायतर काय करंल, पन त्याला कोनी पानी तरी द्या गो," सकुबाई म्हणाल्या.

जयराम मात्र माझ्यासमोर मांडी घालून बसला तो उठेचना. कॅसेट संपली की उलटी करायचा, ती संपली की पुन्हा सुलटी. तिसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं, "बाबा, ह्याला रॅप म्हनतात. मी पन रॅप करनार."

"राब?" लडकूबाबा ओरडले. "भात कापायला आलाय आन् तू आता राब करतोस?"

शहरातल्या मित्रांनो, तुम्हाला राब माहीत नसेल. आमच्याकडे भाताची रोपं जिथे वाढवायची त्या जमिनीवर उन्हाळ्यात शेण, झाडाच्या तोडलेल्या फांद्या, पाला, गवत असे थर रचतात आणि ते जाळतात. त्याला राब म्हणतात. फांद्यांना म्हणतात कवळ. राब नीट जळला तर रोप जोमदार येतं. तेव्हा लडकूबाबांची चूक अगदी रास्त होती, पण ती घराला चिकटली. "जयराम कुठंय?" "राब करतोय." सगळ्या आळीत हेच. जयराम आधी हसला, मग चिडला, मग गप्प झाला. त्याला एकच हवं होतं, मित्रांनो. बापाने चारचौघांत आपल्या कामाचं नाव नीट घ्यावं. मागणी एवढीशीच होती, पण लडकूबाबांचं तोंड 'रॅ' म्हणण्याइतकं उघडतच नव्हतं.

पण काम थांबलं नाही. बापलेक खळ्यावर भात झोडत असताना जयरामने मला शेजारच्या दगडावर ठेवून तो आवाज भरून घेतला. पेंढी फळीवर आपटते तो धप्, आणि दाणे उडतात तो सर्र. त्यातले चार ठोके एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवायचे, पॉज दाबायचं, पहिली मागे फिरवायची, पुन्हा तेच चार ठोके. असं साठ-सत्तर वेळा केलं की तीन मिनिटांचा ताल तयार! माझ्या पॉजच्या बटणावरची अक्षरं त्या हिवाळ्यातच पुसली गेली. शहरात असं करणाऱ्याला प्रोड्युसर म्हणतात. म्हणजे त्या वर्षी किन्हवलीत दोन प्रोड्युसर होते, त्यातल्या एकाला वायर होती. वीज गेली की सेलवर काम चालायचं. सेल उतरायला लागले की रॅपचं भजन व्हायचं. मग जयराम सेल काढून कौलांवर उन्हात वाळत घालायचा, शेजारी सकुबाईंच्या मिरच्या.

लडकूबाबांनी शेवटी मुदत घातली. "गुढीपाडव्यापर्यंत काय ते राबबिब कर. नंतर गपचूप कंपनीत लागायचा."

अशात टोकावड्याचे दामूशेठ बैल बघायला आमच्या गावात आले. तिथल्या शेतकरी मंडळाचे ते अध्यक्ष. ओसरीवर चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "पोरगा काय करतो?"

"राब करतो," सकुबाई म्हणाल्या.

"आता? थंडीत?"

"थंडीत, पावसात, कवापन. बारमाही."

दामूशेठनी कप खाली ठेवला. "पावसात पेटतो?"

"पेटतो काय! सगळी आळी पेटते. शेजारचे भांडायला येतात."

दामूशेठ उठून निघून गेले. आठ दिवसांनी छापील पत्रिका आली. टोकावड्याला शेतकरी मेळावा, प्रमुख पाहुणे 'राबतज्ज्ञ श्री. जयराम लडकू वेखंडे, किन्हवली'. जयरामला वाटलं, खेड्यातला छापखाना, रॅप लिहायचं जमलं नसेल. तो आनंदाने वेडा झाला. लडकूबाबांना वाटलं, पोरगं शेवटी शेतीवर आलं. तेही आनंदाने वेडे झाले. त्यांनी ट्रंकेतली नवी टोपी काढली. एकाच एसटीत दोघे शेजारी बसून निघाले, दोघेही खुशीत, दोघांची खुशी वेगवेगळी, आणि मधे मी. मला सगळं कळत होतं, पण माझ्यात कॅसेट नसली तर मला बोलता येत नाही.

मेळाव्यात दोनशे शेतकरी होते. मंचाच्या मागे फलक होता: 'सुधारित राब, कमी कवळ, जास्त रोप'. जयरामने तो वाचला आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला. पहिल्या रांगेत लडकूबाबा शेजाऱ्याला कोपर मारून सांगत होते, "माजा पोरगा." जयरामने ते पाहिलं. पळून जायचा रस्ता तिथेच बंद झाला. त्याने माझं बटण दाबलं, निदान ताल तरी सुरू व्हावा म्हणून.

आणि मित्रांनो, मी कॅसेट खाल्ली. हो, मीच. दोनशे माणसं आणि माझ्या गळ्यात झेंडूचा हार, मी घाबरलो. सगळी फीत माझ्या आतल्या चाकांना गुंडाळली गेली, आणि स्पीकरमधून म्हैस व्यायल्यासारखा आवाज आला. मला आजही त्याची लाज वाटते.

मागून एक म्हातारा ओरडला, "अहो तज्ज्ञ, कवळ किती घालायची ते सांगा!"

जयरामने डोळे मिटले. ताल नव्हता म्हणून तो पायानेच फळी ठोकू लागला आणि सुटला:

"कवळ आण, कवळ तोड, पसर शेतावर..."

"आदी शेन!" लडकूबाबा ताडकन उभे राहिले. "आरे आदी शेन!"

जयराम थांबला नाही. "आधी शेण, बाबा म्हणतो, मग कवळीचा थर! वर पाला, वर गवत, हातात घे काडी..."

"आन् माती कोन टाकनार? तुजा सासरा?"

"माती टाकायला सासरा आणा, पाठवा त्याला गाडी! काडी ओढ, राब पेटव, बघू नको मागं..."

"वारा बघ, गाढवा!"

"वारा बघ, गाढवा! वारा बघ, गाढवा! वाऱ्यासमोर लावशील तर शेजाऱ्याला राग!"

दोनशे शेतकरी खुर्च्या बडवू लागले. 'वारा बघ गाढवा' सगळ्यांनी उचललं. लोकांना वाटलं, बापलेकांनी घरी बसवून आणलेलं आहे. लडकूबाबा खरोखरच संतापले होते, आणि जितके संतापत होते तितक्या टाळ्या पडत होत्या. दामूशेठ शेवटी म्हणाले, "राबावर लय भाषनं आयकली, पन ध्यानात पयल्यांदाच ऱ्हायलं."

पाडवा आला आणि गेला. कंपनीचं नाव निघालं नाही. 'वारा बघ गाढवा' ही कॅसेट म्हसा गावच्या जत्रेत घोंगड्यांच्या दुकानाशेजारी विकली गेली. तिच्या प्रती मीच काढल्या, एकेक करून. कसाऱ्यापासून टोकावड्यापर्यंत हळदीला जयरामला बोलावणी येऊ लागली. लडकूबाबा कधी सोबत जायचे, नको तिथे चुका काढायचे आणि लोकांकडून वाहवा घेऊन यायचे. पण देवळात कोणी विचारलंच तर म्हणायचे, "पोरगा राब करतो." आणि समोरचा हसला की पटकन, "कंपनीत पन हाय." जयराम ते ऐकून बाहेर जाऊन बसायचा.

२००२ साली जयरामने शहापूरला एक खोली घेतली आणि तिथे कॉम्प्युटर आला. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकले, आवाज घुमू नये म्हणून. सकुबाई बघायला गेल्या आणि म्हणाल्या, "उलटे ठोकलेस रे, अंडी पडतील." आता दुसऱ्या पोरांची गाणीही तो करून देऊ लागला. जे काम करायला मला एक दुपार लागायची ते कॉम्प्युटर एका टिचकीत करायचा, आणि त्याची बटणंही झिजत नव्हती. मी पोटमाळ्यावर गेलो. माझ्या दुसऱ्या कप्प्यात एक पाल राहायला आली. भाडं म्हणून ती मुंग्या खायची. तक्रार करत नाही, पण ज्याला एकदा ओवाळलंय त्याला पालीशेजारी बरं वाटत नाही.

पुढच्या वर्षी जयरामच्या लग्नाचं निघालं. सहा स्थळं परत गेली. "रॅप म्हणजे नोकरी का धंदा?" एवढंच विचारून जायची. सातवं स्थळ कसाऱ्याचं होतं. मुलगी प्रियांका, तिचे वडील अनिलराव रेल्वेत. ते घर बघायला येणार म्हणून मला खाली उतरवलं, पुसलं, झाकण घालून टेबलावर मांडलं. आदल्या दिवशी ठरलं होतं, कंपनीतच सांगायचं. जयराम म्हणाला, "सांगा काय ते. मी मान हलवीन." असा पडलेला आवाज त्याच्या तोंडून मी कधी भरून घेतला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

पोहे झाले. अनिलरावांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

"कंपनीत हाय," लडकूबाबा म्हणाले आणि त्यांना ठसका लागला. सकुबाईंनी पाणी आणलं.

"कोणत्या कंपनीत?"

"ती... मोठी." पुन्हा ठसका.

"काय बनवतात तिथे?"

लडकूबाबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. दाराशी मान हलवायला तयार उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी खोटा बोललो, पाव्हनं. तो रॅप करतो." 'रॅ' म्हणताना त्यांचा जबडा इतका उघडला की मला त्यांची शेवटची दाढ दिसली. "राब नाय. राब मी करतो. तो रॅप करतो. अर्धा अर्धा तास एका दमात बोलतो, आन् खरा बोलतो. मला बघा, कंपनीचा एक शब्द बोलायला दोनदा पानी लागला."

अनिलरावांनी विचारलं, "भागतं का त्यात?"

"कदी भागतं, कदी नाय. भाताचं पन तसंच हाय."

अनिलराव हसले आणि त्यांनी आणखी पोहे मागितले. लग्न वैशाखात झालं. पण मला आठवतो तो दाराशी उभा असलेला जयराम. साऱ्या तालुक्यात ज्याच्या तोंडाला कोणी हरवू शकत नव्हतं, त्याला त्या दुपारी एक शब्द फुटेना. तो नुसता डोळे पुसत उभा होता आणि पाहुण्यांना वाटलं, पोह्यात मिरची जास्त झाली.

मित्रांनो, आता माझे पट्टे सैल झालेत आणि मोटर कण्हते. जुन्या यंत्रांना टाकू नका, महिन्यातून एकदा स्पिरिटच्या कापसाने त्यांचं हेड पुसा, अशी विनंती मी करणारच होतो आणि ती केली असं समजा. पण त्याहून मोठी एक आहे. तुमच्या घरात कोणी तुम्हाला न कळणारं काम मनापासून करत असेल, तर त्या कामाचं नाव त्यालाच विचारा आणि चारचौघांत नीट घ्या. तोंड जरा जास्त उघडावं लागतं, एवढंच.