वैनी खोटं बोलली नव्हती

नमिताचं लग्न ठरलं तेव्हा मामानं आधीच सांगून टाकलं होतं, "पोरावर केस होती, पन सेशन कोर्टानं निर्दोष सोडलाय." नमितानं तो शब्द घट्ट धरून बोनकोड्यात हरेशबरोबर संसार मांडला.

केस हरेशच्या चुलतभावाच्या, दिपेशच्या मृत्यूची. दोन घरांमधल्या भिंतीवरून भांडण झालं आणि डोक्यात सळई बसून दिपेश गेला. पाहणारी एकटी त्याची बायको, सुचिता. मयताची बायको, भांडणातलीच, तिच्या एकटीच्या शब्दावर शिक्षा देता येत नाही, असं सेशन कोर्ट म्हणालं. हरेश घरी आला. सुचिता शेजारीच राहिली, आणि आळीनं तिचं नाव खोटारडी ठेवलं. नमिताही एकदा नळावर तिला तोंडावर तसं म्हणाली होती.

सरकार अपिलात गेलं होतं. वर्षं गेली, दोन मुली झाल्या, वाशीत हरेशचं वायरिंगचं दुकान चाललं. मग हायकोर्टानं सुटका रद्द केली. साक्षीदार नात्यातली म्हणून खोटी ठरत नाही; तिच्या साक्षीला शवविच्छेदनाचा आधार आहे आणि खालच्या कोर्टानं तो विचारातच घेतला नाही. सदोष मनुष्यवध सिद्ध.

"आता केस परत खालच्या कोर्टात जाईल ना?" नमितानं वकिलांना विचारलं.

"नाही वहिनी," अभिराम वकील म्हणाले. "दोषी ठरवलं की शिक्षाही हेच कोर्ट देऊ शकतं. फक्त त्याआधी आरोपीचं ऐकावं लागतं. म्हणून उद्या बोलावलंय. म्हातारी आई, लहान मुली, इतक्या वर्षांत एक तक्रार नाही, एवढंच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात नमितानं कधीच न विचारलेलं विचारलं. "तुमी मारलं का?"

हरेश म्हणाला, "रागात मारली सळई. मरंल असं वाटलं नवतं."

"मंग सुचिताताई..."

"ती खरंच बोलली."

आत वकिलांनी आई, मुली, दुकान सगळं मांडलं. न्यायमूर्तींनी हरेशकडे पाहिलं. "शिक्षेबद्दल तुम्हाला स्वतःला काही सांगायचंय?"

"लोकांनी आमच्या वैनीला खोटी म्हटलं, साहेब. मीबी म्हणू दिलं. ती खोटी नवती. निकालात तसं लिवा."

"ते आम्ही काल लिहिलं आहे," न्यायमूर्ती म्हणाले.

मागच्या बाकावर सुचितानं पदर तोंडाला लावला.

सात वर्षं सक्तमजुरी झाली. शरण यायला चार आठवडे मिळाले. अभिराम वकील सुप्रीम कोर्टाचं बोलू लागले, तेव्हा हरेश म्हणाला, "नको, साहेब. आता पुरे."

घरी आल्यावर नमिता शेजारच्या दारात उभी राहिली. "मी तुमाला खोटारडी म्हणले, ताई."

"कोर्टच म्हणत व्हतं, तुजं काय घेऊन बसायचं?" सुचिता उंबऱ्यातच होती. "पन एक सांगते. मला विचारलं असतं, तर मी सातावर थांबले नसते."

नमितानं मान हलवली.

चार आठवडे पुरे व्हायच्या आधीच हरेश शरण गेला. त्या सकाळी मुलींना शाळेत सोडून नमिता वाशीला गेली आणि तिनं दुकानाचं शटर स्वतः उघडलं.