दोन डिस्कांची पेटी आणि अकरा दिवसांचा आवाज

मी एक जुनी साठवणपेटी आहे, मित्रांनो. बुटांच्या खोक्याएवढी, काळी, पोटात दोन हार्ड डिस्क असलेली. कार्यालयातले सगळे संगणक नेटवर्कच्या तारेने मला जोडलेले असतात आणि आपापल्या फायली माझ्याकडे ठेवतात. माझं काम एवढंच. पण माणसांचं एवढ्याने भागत नाही. त्यांनी मला ‘बॅकअप’ म्हणायला सुरुवात केली आणि स्वतःची काळजी मिटवून टाकली.

माझ्यासोबत एक पुस्तिका आली होती. या पेटीतल्या सामानाची आणखी एक प्रत वेगळ्या जागी ठेवा, असं तिच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. ती पुस्तिका एका डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेली आणि अजून तिथेच आहे.

मी आले ते आवाज ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका लहानशा स्टुडिओत. मालक आणि त्यांचा मेहुणा, अशी दोघांची सत्ता. मेहुण्याला सगळे ‘तज्ज्ञ’ म्हणत, कारण तो कधी कुणाला काही विचारत नसे. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझे हिरवे दिवे दाखवले जात. वर्षभरात माझ्या डोक्यावर कागदी पेले साचू लागले आणि पंख्यात धुळीचा बोळा बसला. कौतुक करणाऱ्यांपैकी एकानेही साधं फडकं मारलं नाही.

तज्ज्ञाने माझ्यावर आपली अक्कल कशी पाजळली, ते आता ऐका. पुसलेल्या फायली महिनाभर बाजूला राखून ठेवायची सोय माझ्यात होती. ती जागा खाते म्हणून त्याने बंद केली. मग त्याच्या संगणकातला कामाचा फोल्डर आणि माझा फोल्डर सदैव सारखे राहतील, असं त्याने मला शिकवलं. त्याने ठेवलं की मी ठेवायचं, त्याने काढलं की मी काढायचं. माझ्या पाठीला एक बाहेरची डिस्क कायमची खोचून ठेवली होती. रोज दुपारी दोघं जेवायला बसले, की ती माझी री ओढत असे; माझ्यात असेल ते ठेवायची, नसेल ते पुसायची. तीन जागी प्रती आहेत, अशी शेखी तो मिरवत असे. तीन जागी एकच चूक करण्याची ती पक्की व्यवस्था होती, हे त्याला कुणी सांगायचं?

एक दिवस एक शिक्षिका आल्या. तीस वर्षं वर्गात बोललेल्या बाई. त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया होणार होती आणि स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. हातात तीन आठवडे होते. तेवढ्यात रोज एक तास अशी चौदा दिवस त्यांनी वाक्यं वाचायची, मग त्यांतून पडद्यावरच्या कळांचा एक फळा तयार व्हायचा. कळ दाबली की बाईंच्याच आवाजात वाक्य ऐकू येणार.

सोबत त्यांचा धाकटा भाऊ असे. साठीचा, लिफ्ट दुरुस्त करणारा. काम संपलं की तो रोज आपला पेन ड्राइव्ह पुढे करी.

“काका, यात दोन डिस्क आहेत,” तज्ज्ञ म्हणाला. “एक मेली तरी दुसरी आहे. निवांत राहा.”

“लिफ्टलाही दोर बरेच असतात हो,” भाऊ म्हणाला. “पण तुमचे दोन्ही एकाच हुकाला बांधलेत. माझं मला देऊन टाका.”

त्याच्या पाठीमागे दोघं मेहुणे हसले. माझ्याकडे येणाऱ्या माणसांत तोच एक शहाणा होता. अकरा दिवस कुरकुरत का होईना, त्याला प्रत मिळाली. बाराव्या दिवशी तज्ज्ञाने सुस्कारा टाकला आणि बाईंनाच अवघडल्यासारखं झालं. “राहू दे रे. किती त्रास देशील त्यांना,” असं त्या म्हणाल्या आणि भावाने पेन ड्राइव्ह खिशात घातला. चौदाव्या, शेवटच्या दिवशी बाईंनी घरातल्या माणसांच्या हाका वाचल्या. भावाची हाक होती ‘गुंड्या’. ती वाचताना त्यांना हसू आलं आणि तज्ज्ञाने हसण्यासकट ती ठेवली. त्याचं एवढं एक काम मला आवडलं.

शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी तज्ज्ञाचा संगणक भरला. “पेटीत आहेच की,” म्हणत त्याने बाईंचा फोल्डर आपल्याकडून पुसला. शिकवल्याप्रमाणे मीही पुसला, दोन्ही डिस्कांवरून, क्षणात. दुपारी पाठीवरच्या डिस्कने तेच केलं. संध्याकाळपर्यंत त्या जागेवर साबणाच्या जाहिरातीचं काम चढलं होतं.

आठवड्याने भाऊ आला तेव्हा फोल्डरची शोधाशोध सुरू झाली. खापर अर्थातच माझ्यावर फुटलं. “पेटीच खराब निघाली,” मालक म्हणाले. मग दुरुस्तीवाला आला. तासभर मला तपासून तो म्हणाला, “पेटी ठणठणीत आहे. तिला सांगितलं तेच तिने केलंय.” तज्ज्ञाला त्या वेळी नेमका फोन आला.

भावाकडच्या अकरा दिवसांवर फळा तयार झाला. तज्ज्ञाने नवी पेटी आणली आणि मला खालच्या फळीवर सारलं. तिच्यात चार डिस्क आहेत, हे तो सगळ्यांना सांगत असतो.

मित्रांनो, अशा लोकांकडून मला कसलीही आशा नाही. तुमच्याकडून थोडी आहे. आपल्या मोलाच्या गोष्टींची एक प्रत पेटीपासून सोडवून दुसऱ्या घरी ठेवा. महिन्यातून एकदा ती उघडा आणि खरंच ऐकू येतं का ते पाहा. दिव्यांवर जाऊ नका. माझे दिवे त्या संध्याकाळीही हिरवेच होते.

फळा घ्यायला दोघं स्टुडिओत आली तो दिवस मी फळीवरून पाहिला. बाईंनी कळा दाबल्या. ‘दार लाव.’ ‘मला बरं वाटतंय.’ ‘पुस्तक आण.’ आवाज त्यांचाच होता. मग त्यांनी हाकांचं पान काढलं आणि गुंड्याची कळ दाबली. काहीच वाजलं नाही. त्यांनी पुन्हा दाबली.

“ती रिकामी आहे, बाई,” तज्ज्ञ म्हणाला. “काढून टाकतो.”

“राहू द्या,” भाऊ म्हणाला.

बाईंचं बोट अजून कळेवरच होतं. त्यांनी ती तिसऱ्यांदा दाबली.

“आलो, ताई,” असं म्हणून तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला.