तीन फुटांचं नाव

निर्माती म्हणजे ‘होईल’ म्हणणारी बाई. ऊन जायच्या आत शॉट होईल का? होईल. नटीला ताजा गजरा मिळेल का? मिळेल. चौथी शिकलेल्या मला हा एकच शब्द नीट येत होता आणि त्याच्या जोरावर मी दोन चित्रं काढली. त्याआधी दहा वर्षं नवऱ्याच्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत बायकांच्या बाजूची तिकिटं फाडली. ते गेल्यावर कळंब, ढोकी, भूम करत तंबू मीच फिरवला. माणसं कुठं रडतात आणि कुठं बिडी ओढायला उठतात, हे तिथंच कळलं. मग तंबू विकून पुणं गाठलं. “मास्तरांची प्रेमला सिनेमावाली झाली” म्हणून तुळजापूरच्या माहेरच्यांनी माझ्या हातचं पाणी वर्ज्य केलं. पहिल्या चित्राचे पास पाठवले, तेव्हा त्यांना तहान लागली.

दुसरं चित्र मी भूमजवळच्या एका खेड्यात घेतलं. त्यात मूल जातं आणि आई रडते, असा प्रसंग होता. आमची नटी पुण्याची. ती रुमालात रडायची.

“असं रडल्यावर पोर उठून बसेल,” दिग्दर्शक विष्णुपंत वैतागले. “इथल्या बायका कशा रडतात ते दाखवा हिला कुणीतरी.”

गावातल्या बायकांनी कस्तुराबाईंकडं बोट दाखवलं. गावात कुणी गेलं की पहिला हेल त्यांचा असायचा. चाळिशीच्या, काटक बाई. त्यांनी मान हलवली. “बिनमढ्याचं रडू न्हाय, बाई. घरावर येतं.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “पर माझा हायच की एक. त्याच्यासाठी रडते. चालंल?”

“चालेल,” मी म्हणाले.

त्या मातीत बसल्या आणि त्यांनी हेल काढला. तुझं अंगडं कुणाला घालू, तुझी वाटी कुणापुढं ठेवू. मधूनमधून लेकाच्या नावाची हाक. एक हात हवेत धरलेला, कमरेच्या जरा खाली, कुणाच्या डोक्यावर ठेवावा तसा. मी ध्वनिमुद्रकाला डोळ्यानं खुणावलं. त्यानं मशीन केव्हाच सुरू केलं होतं.

पदरानं तोंड पुसत त्यांनी विचारलं, “ह्ये त्या पेटीत गेलं व्हय?”

“गेलं. चित्रात तुमचाच आवाज येणार.”

“समदं येईल? म्या बोलले ते?”

“समदं येईल.”

“मग बरं झालं. आठ वर्सं झाली, आमच्या घरात त्येचं नाव घ्यायचं न्हाय. मालकांना सोसत न्हाय. म्या पाठ फिरवून चुलीत बोलते.”

हे मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं म्हणायला जागा नाही.

पुण्यात कस्तुराबाईंचा आवाज नटीच्या तोंडी असा बसला की संकलकाच्या डोळ्यांत पाणी आलं. अडचण एकच. चित्रातल्या पोराचं नाव मोहन आणि हाका तिसऱ्याच नावाच्या. विष्णुपंत म्हणाले, “हा कोण पाहुणा आला?” सगळे हसले. मीही हसले. फिल्म सेकंदाला दीड फूट धावते. प्रत्येक हाक बरोबर दोन सेकंदांची, म्हणजे तीन फूट. अशा तीन हाका. त्यांच्यावर आम्ही ढगांचा गडगडाट टाकला. प्रसंगाला उठाव आला, असं सगळ्यांचं मत पडलं.

चित्र भूमला लागलं, त्याच माझ्या जुन्या तंबूत. मालक आता दुसरे. पहिल्या खेळाला त्यांनी माझा सत्कार ठेवला होता. कस्तुराबाईंचं गाव चार बैलगाड्या जुंपून आलं. बायकांच्या बाजूला मला खुर्ची दिली होती. ती सोडून मी कस्तुराबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसले. मोठेपणा दाखवायचा होता, दुसरं काय.

“तुमचे मालक नाही आले?”

“भायेर बैलांपाशी बसल्यात. आत येत न्हायत. पर कनात काय, कापडाचीच हाय. ऐकू तर जाईल.”

प्रसंग आला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. नटीनं तोंड उघडलं आणि तंबूभर कस्तुराबाईंचा आवाज भरला. बायका त्यांना कोपरानं ढोसू लागल्या. “अगं, तूच गं!” त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. “थांबा गं. आता ऐका.”

ढग गडगडला.

दुष्काळी भूमची माणसं ती. ढग वाजला की वर बघणारच. सगळा तंबू कापडाकडं बघायला लागला. दुसऱ्यांदा गडगडला. तिसऱ्यांदा पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, “नुसतंच वाजतंय! थेंब न्हाय, आपल्या भूमवानी!” आणि तंबू हसला.

माझ्या मनगटावरची पकड सुटली.

एकाच मशीनचा तंबू. रीळ संपलं की बदलेपर्यंत दिवे लागायचे. दिवे लागले तेव्हा कस्तुराबाई शेजारी नव्हत्या. मी बाहेर गेले. त्या गाडीपाशी उभ्या होत्या. त्यांचे मालक, दगडोबा, तंबूकडं पाठ करून बैलापुढं कडबा टाकत होते.

“बाई, ते झाकलेलं कुठं जपून ठिवलंय का?”

“आहे की. पुण्याला, डब्यात.” तोंडानं सवयीनं काम केलं.

“आवो, ऐकलं का? पुन्याला हाय म्हनं! सुगी झाली की जाऊ.” दगडोबा कडबा टाकत राहिले. कस्तुराबाईंनी गाडीतलं फडकं सोडलं आणि माझ्या ओंजळीत शेंगांचे चार लाडू ठेवले. “तुमास्नी लई तरास.”

लाडू हातात आले नसते, तर मी ते खोटं निभावून नेलं असतं.

“कस्तुराबाई, नाही ते. ती आवाजाची पट्टी पुसली आम्ही. महाग असते म्हणून परत वापरतात. तिच्यावर आता एक लावणी आहे.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. अंधारात माणूस ओळखू येतंय का, असं बघतात तसं.

“बरं. तुमी तर ऐकलं व्हतं न्हवं? त्या दिवशी, अन् पुन्याला पुन्ना पुन्ना. मग तुमीच सांगा एकदा. काय नाव घेतलं व्हतं म्या?”

मला लांबी पाठ होती. तीन फूट. तीन वेळा. नाव आठवेना. मी ओठ हलवून बघितले, एखादं अक्षर तरी सापडेल म्हणून. सापडलं नाही.

“राहू द्या,” कस्तुराबाई मलाच सांभाळून घेत म्हणाल्या. “तुमच्याकडं लई नावं असत्यात.”

कडब्याची पेंढी खाली पडली.

“कोंडीराम,” दगडोबा म्हणाले. तोंड बैलाकडंच. “दोन गेल्यावर झालं. सुइनीला देऊन मूठभर कोंड्यावर माघारी इकत घेतलं व्हतं, यमाला हलकं वाटावं म्हनून. माझं दगडोबा टिकलं. त्येचं न्हाय टिकलं.”

कस्तुराबाई माझ्याकडून त्यांच्याकडं वळल्या. पुढं त्यांना मी दिसले नाही.

“पुन्ना म्हना.”

“कोंडीराम.”

तंबूची घंटा झाली. “प्रेमलाबाई! सत्कार राहिलाय!” कुणीतरी हाक मारली. माझं नाव भोंग्यातून साऱ्या बाजारभर, स्पष्ट, एक अक्षर न झाकता ऐकू गेलं.

मी आत गेले. टाळ्या झाल्या. त्यांनी शाल घातली आणि नारळ पुढं केला. तो घ्यायला हात मोकळे नव्हते. लाडू ठेवायला कुठं जागाही नव्हती.