रविवारच्या दोन रिंगा

पालीच्या बाजारात मथुरेचा एसटीडी बूथ होता. पिवळी पाटी, काचेचं एक कपाट, त्यात फोन नि लाल आकडे पळवणारं मशीन आणि बाहेर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. त्यातली एक रविवारी अकरा वाजता विमलेची. दुसऱ्या कुणी तिच्यावर बूड टेकवलंच, तर मथुरा आतूनच म्हणायची, "उठ रे बाबा, फौजवाल्याची आई येईल आता."

आता विमला फोन करायला येत नसे, बरं का. फोन उचलायलाही येत नसे. ती यायची फोन वाजलेला ऐकायला. तिचा धाकटा, सागर, फौजेत होता. नव्याण्णव सालच्या शिमग्याला रजेवर आला, पालखी नाचवून खांदे सुजवून घेतले, आणि परत जाताना आईला फोनाची गोष्ट समजावून गेला. दर रविवारी अकराला मी फोन लावीन. दोन रिंगा वाजल्या आणि बंद झाल्या की समजायचं, मी खुशाल आहे. उचलायचा नाही, उचलला की मला पैसे पडतात. तिसरी रिंग वाजली तर मात्र उचल, काहीतरी बोलायचं आहे.

यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडं तेव्हा सगळेच असं करत. मुंबईला पोचलो, एक रिंग. बायको बाळंत झाली, तीन रिंगा. सरकारनं गावोगाव फोन पोचवले आणि आम्ही ते न उचलता वापरायला शिकलो. मथुरा चिडायची. म्हणायची, "मी काय देवळाची घंटा टांगून बसलेय?" पण कुणाच्या किती रिंगा, ते तिला तोंडपाठ असायचं.

सागर गेला तो रेल्वेनं. रत्नागिरीला गाडी येऊन वर्ष-दीड वर्षच झालं होतं. विमलेचा नवरा बाबल्या त्याला पोचवायला स्टेशनावर गेला आणि आल्यावर आठ दिवस गाडीचंच सांगत बसला. बाबल्याचा जन्म चिरेखाणीत गेला. हातानं चिरा काढायचा, असा सरळ की ओळंबा लावायला नको. मग खाणीत मशिनं आली, दहा माणसांचं काम एका पात्यानं होऊ लागलं आणि बाबल्या घरी बसला. पण त्याचं दुःख त्यानं धरलं नाही. म्हणायचा, "माझं काय, मी म्हातारा झालो. माझे पोरगे आहेत की. एक फौजेत, एक कंपनीत."

कंपनीतला म्हणजे थोरला, दत्ताराम. ठाण्याच्या पुढं कुठल्याशा कारखान्यात बारा वर्षं होता. त्याची काळजी करायचं कुणाला कारणच नव्हतं. गणपतीला यायचा, येताना सगळ्यांना कपडे आणायचा. मुंबईकडं कंपनीत आहे त्याला काय धाड भरलीय, असं विमला म्हणायची, आणि ती म्हणायची ते सगळ्या वाडीला पटायचं.

मे महिन्यात लढाई पेटली. लढाया आधीही झाल्या होत्या, पण त्या रेडिओवर ऐकलेल्या. ही मथुरेच्या बूथमधल्या रंगीत टीव्हीवर दिसायला लागली. तोफा, बर्फ, उघडे डोंगर. लोक भजी खात बघत आणि डोळे पुसत. शाळेतल्या पोरांनी फेरी काढली, कुणीसं बाजारात बॅनर लावलं, आणि कालपर्यंत ज्यांना सागरचं नाव माहीत नव्हतं ते विमलेला वाट सोडून देऊ लागले. तिला त्याचं काही नव्हतं. तिला फक्त रविवार हवा होता.

आणि रविवार चुकला नाही. मे संपला, जून लागला, लावण्या सुरू झाल्या. सागरचं पत्र येईना. देवरूखकडच्या एका बाईच्या फौजेतल्या मुलाचंही येत नव्हतं, ती बिचारी अन्नाला शिवत नव्हती. पण विमला आपली चिखलाचे पाय धुऊन, डोक्यावर इरलं घेऊन तीन मैल चालत यायची. अकराच्या ठोक्याला फोन वाजायचा. एक. दोन. गप्प. विमला हात जोडायची, मथुरा अर्धा कप चहा द्यायची, आणि विमला उभ्यानं तो पिऊन परत लावणीला जायची. आठवडाभराचा जीव तेवढ्यात भांड्यात पडायचा.

"तिकडं एवढी धुमश्चक्री चाललीय आणि तुझ्या लेकाला फोन बरा सापडतो गो," मथुरा एकदा म्हणाली.

"माझा सागर आहे तो," विमला म्हणाली. "तो बंदूक टाकील, पण रविवार टाकायचा नाही."

मग जुलैच्या दहा तारखेला, शनिवारी सकाळी, वाडीत जीप आली. जीप वरपर्यंत येत नाही, तेव्हा चार माणसं चिखल तुडवत चढली. तलाठी, पोलीस पाटील, रत्नागिरीच्या ऑफिसातले एक साहेब आणि एक फौजी. बाबल्या नांगर धरून होता, तो तसाच आला. साहेब चांगले होते हो. टोपी काढली, ओट्यावर बसले, पाणी मागितलं, आणि मग सांगितलं. सागर सत्तावीस मेला गेला. तुकडीबरोबर वर चढला होता, वरून गोळ्या आल्या. ती जागा इतके दिवस शत्रूच्या ताब्यात होती. आता आपली माणसं तिथं पोचली आणि देह मिळाला. सोमवारी रत्नागिरीला आणतील.

बाबल्यानं ओट्याचा खांब धरला. शेजारणी धावल्या, एकीनं हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तेवढ्यात विमला म्हणाली, "गप. कुणी रडायचं नाय."

तिनं पदर खोचला आणि ती साहेबांकडं वळली.

"साहेब, तारीख कुठली म्हणालात?"

"सत्तावीस मे, आई."

"मग तुमची चूक झालीय," विमला अगदी शांतपणे म्हणाली. "मागच्या रविवारी त्याचा फोन होता. त्याच्या आधीच्या रविवारीपण. हवं तर मथुरेला विचारा. सहा रविवार झाले, मेलेला माणूस फोन करतो काय?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी फौजीकडं बघितलं. फौजीनं कागद काढला, नंबर वाचला, नाव वाचलं. सगळं बरोबर होतं. पण फोनाचं काय, ते त्या बिचाऱ्यालाही सांगता येईना. पोलीस पाटील खाली बाजारात गेला, मथुरेला विचारून आला. मथुरेनं देवाची शपथ घेऊन सांगितलं, अकराला दोन रिंगा, एकही रविवार चुकलेला नाही.

झालं. वाडीत जीव आला. एका नावाची दोन माणसं असतात, नंबर लिहिताना गफलत होते, सरकारी काम ते. कुणाला काय काय आठवू लागलं. विमलेनं चूल पेटवली, भात शिजवला, बाबल्याला जेवायला बसवलं. तो जेवलाही. साहेब जाताना म्हणाले, "आई, मी उद्या बूथवर येतो. तुमचंच खरं ठरो." आणि त्यांना तसं मनापासून वाटत होतं.

दत्तारामला कळवायला पोरांनी कंपनीचा फोन लावून बघितला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई गोड आवाजात सांगत राहिली. कंपनीचा फोन बिघडला असेल, म्हणून त्यांनी नाद सोडला. खोली त्यानं शिमग्यात बदलली होती, तिथला पत्ता वाडीत कुणापाशी नव्हता. विमला म्हणाली, "राहू दे. खोट्या बातमीनं त्याच्या जिवाला घोर कशाला."

रविवारी मथुरेच्या बूथसमोर साठ-सत्तर माणसं जमली. पाऊस धरला होता तरी कुणी आडोशाला जाईना. साहेब आले होते. कुणीतरी नारळ आणला होता, वाजला की फोडायचा म्हणून. बाबल्या पायरीवर उभा होता, अंगात लग्नकार्याचा सदरा. विमलेची खुर्ची मथुरेनं आज आत फोनापाशी घेतली होती, तिथं ती बसली. टीव्ही मथुरेनं बंद केला होता.

अकराला पाच कमी असताना एक फोन आला आणि सगळे उडाले. मिरकरवाडा बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यातून कुणी माणूस भलत्याचीच चौकशी करत होता. मथुरेनं त्याला अशी झाडली की तो पुन्हा फोनाचं नाव काढणार नाही.

अकरा वाजले. घड्याळाचा काटा पुढं गेला. विमलेनं हात जोडले. देवा, एवढं एकदा, असं ती म्हणाली, आणि फोन वाजला.

एक.

बाहेर कुणीतरी हुंदका दिला. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

आता नियम काळ्या दगडावरची रेघ होता. दुसरी वाजायची, फोन बंद व्हायचा, नारळ फुटायचा आणि साहेब आपली फाईल घेऊन परत जायचे. विमलेला तेवढंच हवं होतं. पण शिमग्यापासून तिनं लेकाचा आवाज ऐकला नव्हता, आणि कालपासून तिच्या छातीवर जे धरण बांधलं होतं ते तिला आता पेलवेना. दुसरी रिंग सुरू झाली आणि तिचा हात आपसूक गेला. तिनं रिसीव्हर उचलला.

"सागर," ती म्हणाली. "सागर, मी आहे रे. बोल."

पलीकडं गाड्यांचे भोंगे वाजत होते.

"सागर?"

"आये," पलीकडून आवाज आला. "तू कशाला उचललास गो?"

पोटचा पोर कुठला ते आईला सांगावं लागत नाही. ती काचेच्या कपाटाला धरून राहिली.

"दत्या?"

"हां, आये." दत्ताराम रडकुंडीला आला होता. "माझ्यावर रागावू नको. त्यानंच सांगितलं होतं. मे महिन्यात त्याचं पत्र आलं, आम्ही वर जातोय, तिथं फोन नाय. महिनाभर रविवारी अकराला तू दोन रिंगा दे, नाहीतर आई जीव टाकील. म्हणून देत होतो. महिना झाला, त्याचं दुसरं पत्र काय आलं नाय. मग थांबवू कसा? मीच घाबरलो होतो. तुला आलंय काय पत्र?"

एवढ्या दिवसांत विमला पहिल्यांदाच फोनावर बोलत होती आणि बोलायचं तेच तोंडातून निघेना. मग तिनं भलतंच विचारलं.

"कुठून बोलतोस?"

"ठाण्यावरून."

"कंपनीतून?"

तो घुटमळला. "रस्त्यावरच्या बूथवरून. कंपनी मार्चातच बंद झाली, आये. बाहेरचा माल स्वस्त यायला लागला, मालकानं टाळं लावलं. आता एका बिल्डिंगीवर वॉचमन आहे. रात्रीची ड्यूटी संपली की इथं येऊन तुला रिंग देतो नि मग झोपतो."

"मार्चात? आणि सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो," दत्ताराम म्हणाला. "पण माझं कोण विचारतच नव्हतं गो. सगळे त्याचंच विचारत होते."

विमलेला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. खरं होतं ते. बारा वर्षांत तिनं या पोरासाठी एक रविवार खुर्चीवर काढला नव्हता.

"दत्या, घरी ये," ती म्हणाली. "आजच्या गाडीनं नीघ."

"का गो? काय झालं?"

"सागर उद्या येतोय," विमला म्हणाली. तिला दुसरे शब्द सापडले नाहीत. "फौजेची माणसं घेऊन येतायत त्याला."

पलीकडून एक आवाज आला, आणि तो माणसाचा होता की भोंग्याचा, ते तिला कळलं नाही. तिनं रिसीव्हर ठेवला. मशिनात आकडा पडलाच नव्हता. दुसऱ्याचा फोन आपण घेतला की आपल्याकडं काही पडत नाही. मथुरा तोंडावर पदर धरून तिच्याकडं बघत होती. तिनं अर्धं ऐकलं होतं.

बाहेर नारळ फुटला. दोन रिंगा वाजल्या हे सगळ्यांनी ऐकलं होतं आणि बाईनं बोलून घेतलं, मग आणखी काय हवं. कुणी टाळ्या वाजवल्या. विमला दारात आली तेव्हा बाबल्या हसत होता. तिच्या तोंडाकडं बघून त्याचं हसू राहिलं, पण अर्धंच.

"सागरच ना?" त्यानं विचारलं.

"दत्या होता."

"दत्या?" बाबल्याला समजेना. "बरं, आज दत्यानं केला. त्याला कुठून तरी कळलं म्हणून केला. पण मागच्या रविवारी?"

"मागच्या रविवारीपण दत्याच."

टाळ्या थांबल्या. साहेबांनी हळूच टोपी काढली.

"त्याच्या मागच्या?"

विमलेनं मान हलवली. बाबल्या बोटं दुमडत एकेक रविवार मागं मागं चालला, लावणीचा रविवार, मृगाच्या पेरणीचा रविवार, आणि प्रत्येकाला ती नुसती मान हलवत होती. सहावं बोट आलं तेव्हा तो ओल्या पायरीवर खाली बसला.