सिल कोणी उचलायची

ज्याच्या हातून भांग वाटून सिल उचलली जाते, त्याच्या मनात अहंकाराला जागाच उरत नाही, असं विष्णुपंत टोकेकरांचं ठाम मत होतं. हे मत ते रोज संध्याकाळी बालाजी घाटावर सिल उचलून झाली की मांडत, आणि उचलताना कोणाचं लक्ष नावेकडे किंवा पानाच्या पुडीकडे गेलेलं असलं, तर त्याच्यासाठी पुन्हा एकदा उचलून दाखवत.

सिल उचलणं म्हणजे काय, हे काशीबाहेरच्यांना सांगायला हवं. घरी ज्याला पाटा-वरवंटा म्हणतात, तोच घाटावर गेला की सिल-लोढा होतो. भांगेची पानं सात पाण्यांनी धुवायची, काळी मिरी, बडीशेप आणि टरबुजाच्या बिया घालून वाटायला बसायचं, आणि वाटत राहायचं. गोळा लोण्यासारखा झाला की त्यावर लोढा आडवा दाबायचा आणि दोन्ही हातांनी वर घ्यायचा. वाटण खरोखर जमलं असेल, तर लोढ्याला चिकटून खालची दहा-बारा किलोची सिलही वर येते. नाही आली तर पुन्हा वाटायचं. इतकी कडक परीक्षा विद्यापीठातही होत नाही. तिथे निदान कॉपी करता येते.

विष्णुपंत बावीस वर्षं या परीक्षेत पास होत आले होते. ते एका इंटर कॉलेजात संस्कृत शिकवत, श्रावण-भाद्रपदात दूधविनायकापासून संकठा घाटापर्यंतच्या मराठी घरांत पूजा सांगत, आणि संध्याकाळी पाच ते सात भांग वाटत. पहिल्या दोन कामांत त्यांच्या तोडीचे चार-पाच जण गल्लीत होते. तिसऱ्यात कोणी नव्हतं. सहा-सात जणांची मंडळी जमे, आणि तिथला रिवाज असा, की जो वाटतो तो मध्ये बसतो आणि जो मध्ये बसतो तो बोलतो. बाकीच्यांनी 'हूं' म्हणायचं. कॉलेजात विष्णुपंतांना कोणी 'हूं' म्हणत नसे. घरी अंबिकाबाई म्हणत, पण दुसरीकडे बघून.

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात सुश्रुत बेडेकर आला. बँकेतला अधिकारी, पुण्याहून बदली होऊन आलेला, वय अडतीस. बायको आणि मुलगी शाळेसाठी पुण्यातच. त्याला घाटावर आणलं बाळू दामल्यानं. बाळू म्हणजे विष्णुपंतांचा लहानपणापासूनचा दोस्त, रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात कारकून आणि त्या सिलेचा मालक. सिल घाटावरच्या एका कोनाड्यात राही, पण ती बाळूची, हे सगळ्यांना माहीत होतं. सुश्रुत नम्रपणे आला, पायऱ्यांवर नम्रपणे बसला आणि म्हणाला, "काका, तुमच्याबद्दल फार ऐकलंय."

विष्णुपंतांचं वय छप्पन्न होतं. मंडळीत त्यांना आजवर कोणी काका म्हटलं नव्हतं.

तरी सुरुवातीचे दोन महिने बरे गेले. पोरगं शिकत होतं. किती पाण्यांनी धुवायचं, मिरी आधी की नंतर, लोढा खांद्यातून चालवायचा की मनगटातून, सगळं विचारायचं, आणि विष्णुपंत सांगायचे. मग जुलैत त्यांना मलेरिया झाला. बारा दिवस ते अंथरुणात होते. तेराव्या दिवशी घाटावर गेले, तेव्हा मध्ये सुश्रुत बसला होता.

तो लगेच उठला, हे सांगायला हवं. "काका, या," म्हणाला. पण बाळू म्हणाला, "बसू दे रे विष्णू आजच्या दिवस. तुझ्यात दम कुठे आहे? आणि जरा बघ तर खरं, काय गजब करतो हा."

विष्णुपंतांनी बघितलं. सुश्रुतनं लोढा दाबला आणि उचलला. आईनं मानेला धरून मांजराचं पिल्लू उचलावं तशी सिल वर आली. आली ती वीतभर आली, आणि तिथेच राहिली. बाळूनं अकरापर्यंत मोजलं. विष्णुपंतांची सिल चार बोटं येत असे आणि तिला मोजायला कोणाला कधी वेळ मिळाला नव्हता.

बाळूचा 'आजच्या दिवस' दीड महिना चालला.

या दीड महिन्यात विष्णुपंत मंडळीच्या कडेला बसून 'हूं' म्हणायला शिकले. सुश्रुतमधले दोष त्यांनी शोधून पाहिले. तो नऊ पाण्यांनी धुवायचा. हा दोष असू शकत होता, पण भांग चांगली लागायची. तो फार बोलायचा नाही. हा मोठाच दोष होता, पण मंडळी त्यामुळे स्वतःच बोलायला लागली होती आणि त्यांना ते आवडत होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा बाळूनं आपल्या अलाहाबादच्या साडूची पूर्ण गोष्ट सांगितली. ती बरीच मोठी होती. विष्णुपंतांना ती रटाळ वाटली, आणि बाकीचे रडेपर्यंत हसले.

घरीही निभाव नव्हता. सुश्रुत एका रविवारी जेवायला आला आणि अंबिकाबाईंनी सांगितलेला गहू-तांदळाचा कट्टा एका हातानं माळ्यावर ठेवून गेला. त्यानंतर आठवडाभर त्या माळ्याकडे पाहत आणि म्हणत, "किती सहज ठेवला हो." त्याच आठवड्यात एका दुपारी त्या देवळात गेल्याचं पाहून विष्णुपंतांनी घरच्या पाट्यावर कोथिंबीर-खोबरं घेतलं, तासभर वाटलं आणि वरवंटा दाबून उचलला. पाटा बोटभर वर आला, विचारात पडला आणि त्यांच्या पायावर आला. अंबिकाबाई आल्या तेव्हा ते अंगठा धरून बसले होते. त्यांनी वाटण बघितलं, अंगठा बघितला आणि म्हणाल्या, "आज चटणी करायची नव्हती."

भाद्रपदात मराठी मंडळाचा गणेशोत्सव आला. त्यात चौथ्या दिवशी वादविवाद असतो. त्या वर्षीचा विषय होता 'भांगेवर बंदी असावी की नसावी', कारण आदल्या महिन्यात कोणीतरी वर्तमानपत्रात पत्र लिहून गल्लीच्या तोंडाशी असलेलं भांगेचं सरकारमान्य दुकान हटवावं अशी मागणी केली होती. नसावी, या बाजूनं पहिलं नाव सुश्रुतचं लागलं. त्याच संध्याकाळी असावी, या बाजूला विष्णुपंतांनी आपलं नाव लिहिलं.

बाळूला वाटलं, रकाना चुकला. तो घरी आला. विष्णुपंत म्हणाले, माणसानं केव्हातरी विवेकाचं ऐकलं पाहिजे. बाळू म्हणाला, "यार, तुझा विवेक बावीस वर्षं माझ्या शेजारी बसून प्यायचा." मग जरा थांबून म्हणाला, "तू त्या पोराला जळतोस काय रे?" विष्णुपंतांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

वादविवादाला सव्वाशे माणसं होती. अध्यक्षस्थानी कालिंदीबाई रानडे, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांच्यासमोर आजोबा झालेली माणसंही पाठ सरळ करून बसत. सुश्रुत आधी बोलला. त्यानं सांगितलं, की भांगेनं भूक लागते, झोप येते, वैद्यकात तिला विजया म्हणतात. आणि रोज घेतली तर माणूस सुस्तावतो, विसरतो, पोरासोरांच्या हाती तर ती पडूच नये, हेही सांगितलं. पुढे म्हणाला, एकाच झाडाचं पान सरकार लायसन देऊन विकतं, आणि त्याच झाडाचा तुरा, म्हणजे गांजा, कोणाच्या खिशात सापडला तर तेच सरकार त्याला आत टाकतं. पंच्याऐंशीच्या कायद्यानं तुरा धरला आणि पान सोडलं. "म्हणजे कायद्यालाही भांगेचं नीट ठरवता आलेलं नाही. भांग घेऊन कायदा केला असावा." लोक हसले. पहिल्या रांगेत अंबिकाबाई हसल्या. विष्णुपंतांच्या भाषणात त्या शेवटच्या हसल्या होत्या एकोणऐंशी साली, आणि तेव्हा ते स्टेजवरून घसरले होते.

दोन्ही बाजू मांडणारं भाषण कोणालाच आवडणार नाही, असं विष्णुपंतांना वाटलं होतं. ते सगळ्यांना आवडलं. आणि शेवटी सुश्रुत म्हणाला, "भांगेविषयी मला जे काही येतं, ते विष्णुकाकांनी शिकवलं."

विष्णुपंत उठले. ते चांगलं बोलले, यात वाद नाही. भांगेच्या फायद्यांची यादी बावीस वर्षं त्यांच्याच तोंडची होती. ती उलटी वाचायला वेळ लागला नाही. भूक? ती खोटी भूक. झोप? ती वर्गात येते. शंकराचा प्रसाद? शंकरानं विषही घेतलं होतं, त्याचं दुकान का नाही? कायद्यानं पान सोडलं ते भीतीनं, या शहराला घाबरून. दुकान बंद करा, पानही कायद्यात घाला, ते म्हणाले, आणि टाळ्या पडू लागल्या. सुश्रुतही टाळ्या वाजवत होता. त्या पाहून विष्णुपंतांच्या अंगाचा तिळपापड झाला.

टाळ्या थांबल्यावर कालिंदीबाईंनी चष्मा काढला. "उत्तम. आपण स्वतः केव्हा सोडणार, टोकेकर?"

मागच्या रांगांत खसखस पिकली. विष्णुपंतांनी बाळूकडे पाहिलं. बाळू छताकडे पाहत होता. सुश्रुतकडे पाहिलं, तो काळजीनं त्यांच्याकडे पाहत होता, आणि ती काळजी त्यांना सहन झाली नाही. टेबलावर वक्त्यांसाठी पाण्याचा पेला होता. त्यांनी तो उचलून उजव्या हातावर पाणी घेतलं.

त्यांच्या मनात एवढंच होतं, की हातात पाणी धरून एक जोरदार वाक्य टाकावं आणि खाली बसावं. पण हा भाद्रपद होता. चार दिवसांत त्यांनी सत्तावीस घरांत पूजा सांगितल्या होत्या, सत्तावीस यजमानांच्या हातावर पाणी घालून सत्तावीस संकल्प सांगितले होते. तळव्याला पाणी लागलं आणि जीभ आपली आपण चालू झाली. संवत्सर आलं, मास, पक्ष, तिथी आली, 'भागीरथ्याः पश्चिमे तीरे' आलं, गोत्र आलं, स्वतःचं नाव आलं. आता काहीतरी संकल्प करणं भाग होतं. त्यांनी केला. भांग सोडली. आणि सव्वाशे माणसं श्वास धरून बसलेली पाहून, विनाकारण, एक शब्द जास्त टाकला: 'यावज्जीवम्', म्हणजे जन्मभरासाठी. मग पाणी सोडलं. ते सतरंजीवर पडलं.

पहिलं बक्षीस विष्णुपंतांना मिळालं. झाकणाचा स्टीलचा डबा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुश्रुत घरी पेढे घेऊन आला. बँकेनं त्याची कानपूरला बदली केली होती. ऑर्डर मागच्या गुरुवारीच हातात आली होती, पण उत्सवात कोणाला सांगितलं नव्हतं. अनंतचतुर्दशीनंतर दोन दिवसांनी निघायचं होतं. विष्णुपंत पेढा हातात धरून बसले. मागचा गुरुवार म्हणजे त्यांनी यादीत नाव लिहिलं त्याच्या आदला दिवस.

"मी ठरवलं होतं, काका," सुश्रुत म्हणाला, "की जायच्या आधी सगळ्यांसमोर लोढा तुमच्या हातात द्यायचा. मी तुम्ही बरे होईपर्यंतच बसलो होतो. तुम्ही मागितलाच नाहीत, मला वाटलं, अजून अशक्तपणा असेल."

विष्णुपंत म्हणाले, होता.

तो गेल्यावर अंबिकाबाईंनी पेढे बक्षिसाच्या डब्यात भरले. नवरा भांग पितो याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. पाच ते सात घरात शांतता असे. आता पाच वाजत आले, की विष्णुपंत समोर येऊन बसत आणि बोलत.

"मी म्हणते, सोडायची तर चातुर्मासापुरती सोडायची," त्या म्हणाल्या. "लोक वांगी सोडतात, कांदा सोडतात. कार्तिकीला सुटलं असतं. हे तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?"

सांगत ते. संकल्पातून सुटायचा काही मार्ग आहे का, असा प्रश्न दूधविनायकात कोणाला पडला, की तो विष्णुपंतांनाच विचारायला येई, आणि त्याच श्रावणात त्यांनी अशा एका गृहस्थाला तासभर शास्त्र ऐकवून रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं. तो गृहस्थ वादविवादाला तिसऱ्या रांगेत होता. त्यानं फार मन लावून ऐकलं होतं.

सुश्रुत गेल्यावर तीन आठवड्यांनी, पितृपंधरवडा उलटल्यावर, विष्णुपंत घाटावर गेले. प्यायची नाही, पण वाटायला कोणाचीच बंदी नव्हती; संकल्पात वाटण्याचा उल्लेख नव्हता, हे त्यांनी तीन वेळा आठवून पाहिलं होतं. येताना त्यांनी नखं कापली होती. मंडळी बसली होती. मध्ये कोणी नव्हतं, आणि मध्ये थर्मास होता. कोनाडा रिकामा दिसला म्हणून त्यांनी विचारलं, सिल कुठे गेली.

बाळू म्हणाला, सिल घरी नेली, सूनबाईनं तिच्यावर कुंडी ठेवलीय. भांग आता घरूनच वाटून आणतो, मिक्सरमध्ये. लाइट असली तर दीड मिनिट लागतं.