अन्सेल्मोंचे चार प्रश्न

जूनमधल्या दुसऱ्या रविवारी अन्सेल्मो वेनिनींनी आपल्या एकुलत्या एका मुलीला तळ्याच्या पलीकडच्या काठावर धाडून दिलं, आणि तेही एकाही गावाची शिफारस न करता. चौतीस वर्षं हेच काम ते पगार घेऊन करत होते. या वेळी फुकट केलं.

वारेन्नाच्या धक्क्यावर बोटीच्या तिकिटांची खिडकी आहे. तिच्या आतल्या बाजूला त्यांचं आयुष्य गेलं. समोरच्या काठावर मेनाज्जो, मधल्या टोकावर बेल्लाजो, आणि अलीकडे वारेन्ना. कुठल्याही गावात उभं राहिलं की उरलेली दोन दिसतात, त्यामुळे एकाचं कौतुक दुसऱ्याला सोसत नाही. आणि मिलानच्या गाडीतून उतरलेला प्रत्येक प्रवासी, बॅग खाली टेकवायच्या आत, एकच गोष्ट विचारतो : आठ दिवस मुक्काम करायचाय, कुठलं गाव बरं?

नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात अन्सेल्मोंनी एका जर्मन जोडप्याला भाबडेपणाने सांगून टाकलं होतं की बेल्लाजो छान आहे. तीन दिवसांत मेनाज्जोच्या एका हॉटेलवाल्याची तक्रार आली, आठवड्यात वारेन्नाचे पाद्री त्यांच्याशी बोलेनासे झाले, आणि महिनाअखेर वरिष्ठांचं बोलावणं आलं. वरिष्ठ म्हणाले, माहिती द्यायची, मत घरी ठेवून यायचं. अन्सेल्मो आज्ञाधारक माणूस. त्यांनी मत घरी ठेवलं. घरी बायको, इयोलांदा होती, त्यामुळे तिथेही ते वापरायची वेळ कधी आली नाही.

त्यातून त्यांचे चार प्रश्न जन्माला आले. बरोबर लहान मुलं आहेत का? गुडघे कसे आहेत? सामान किती? ऊन सकाळचं आवडतं की संध्याकाळचं? प्रवासी उत्तरं देत जायचा, अन्सेल्मो कुठे पायऱ्या आणि कुठे ऊन एवढं सांगत जायचे, आणि चौथ्या उत्तराला पोचेपर्यंत प्रवासी स्वतःच म्हणायचा, "म्हणजे मग बेल्लाजोच की." अन्सेल्मो म्हणायचे, "तुमची मर्जी," आणि तिकीट फाडायचे. चौतीस वर्षांत पुन्हा तक्रार नाही. निवृत्तीच्या दिवशी तिन्ही गावांच्या हॉटेलवाल्यांनी मिळून त्यांना एक घड्याळ दिलं. ते कायम चार मिनिटं पुढे असतं, पण त्याबद्दलही अन्सेल्मोंनी कुणापाशी मत दिलेलं नाही.

आता त्यांची मुलगी ओर्नेल्ला. ती लग्न करून अर्जेंटिनात, रोसारियोला गेली. सहा वर्षांपूर्वी इयोलांदा वारली तेव्हा तीन दिवसांसाठी आली होती, पोटुशी. त्यानंतर तिला ब्रूनो झाला, मग एमिलिया झाली, आणि या दोन नातवंडांना आजोबांनी फोनच्या काचेबाहेर कधी पाहिलं नाही. एमिलियाची तर अशी समजूत होती की आजोबा साधारण वीतभर उंचीचे असतात.

तर ही ओर्नेल्ला जुलैत नवरा-मुलांसह येणार, हे वसंतातच ठरलं. अन्सेल्मोंनी त्याच आठवड्यात वरची खोली काढली. भिंतींना चुना दिला. पलंगाच्या गाद्या उन्हात घातल्या, आणि आपण एक रात्र त्यांवर झोपून पाहिलं. एमिलियासाठी जुना पाळणा मिळवला, त्याचा एक दांडा हलत होता तो बसवला. शेजारची दोनाता, जी बेकरी चालवते आणि गावाचं तोंडही, तिच्याकडून त्यांनी दोन छोट्या टॉवेलांवर नावं भरून घेतली. निळ्यावर ब्रूनो, पिवळ्यावर एमिलिया.

फक्त "घरीच या" एवढं म्हणायचं राहिलं.

ते विसरले नव्हते. पण त्यांच्या काठावर एक रीत आहे. या, बसा, राहा, हे पाहुण्यांना म्हणतात. आपल्या माणसाला बोलावणं म्हणजे त्याला पाहुणा ठरवणं. आपलं माणूस दार ढकलून आत येतं आणि आधी भांड्यावरचं झाकण उचलून बघतं. इयोलांदाच्या माहेरच्यांना एका नाताळात कुणी चुकून रीतसर आमंत्रण पाठवलं, तर ते तीन वर्षं रुसले होते. त्यामुळे अन्सेल्मो वाट बघत होते, की ओर्नेल्लाच कधीतरी म्हणेल, पापा, वरची खोली झाडून ठेव.

त्या रविवारी फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग ओर्नेल्ला म्हणाली, "पापा, एक विचारायचं होतं. आम्ही दहा दिवस आहोत. मुक्काम कुठे ठेवावा? वारेन्ना, बेल्लाजो की मेनाज्जो? तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार."

म्हणजे वरची खोली तिच्या मनातही नव्हती, असं अन्सेल्मोंना वाटलं. आणि त्याच क्षणी, माणसाचा पाय घसरला की हात आपोआप कठड्याकडे जातो तसं, त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

"लहान मुलं आहेत का?" त्यांनी विचारलं.

"पापा, दोन आहेत. तुझीच नातवंडं."

"आणि गुडघे?"

गुडघे जावयाचे, रामिरोचे, फुटबॉलमध्ये दुखावलेले होते. सामानात तीन मोठ्या बॅगा आणि एमिलियाची ढकलगाडी. ऊन सकाळचं हवं, कारण मुलं सहाला उठतात आणि दुपारी झोपतात. अन्सेल्मो ऐकत होते. प्रत्येक उत्तर त्यांच्या घराच्या दारातून एकेक पाऊल मागे जात होतं. वारेन्ना म्हणजे नुसत्या पायऱ्या, त्यांच्या घराला तर एकाहत्तर. ऊन तिथे सकाळी उशिरा डोंगरावरून उतरतं. मेनाज्जोचा काठ सपाट, पोरांना डुंबायला जागा, आणि पहाटेपासून ऊन. हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते इमानदारीने सांगितलं. खोटं सांगावं असं मनात येऊन गेलं, पण खोटं बोलायचा सराव नव्हता, आणि असल्या गोष्टी एकाहत्तराव्या वर्षी एकदम जमत नाहीत.

"म्हणजे मग मेनाज्जोच," ओर्नेल्ला सावकाश म्हणाली. वाक्य संपवून ती थांबली. बराच वेळ थांबली.

"तुमची मर्जी," अन्सेल्मो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाव घ्यायला गेले तेव्हा त्यांनी हे दोनाताला सांगितलं. दोनाताने हातातला पाव परत फळीवर ठेवला. तिने त्यांना बऱ्याच गोष्टी ऐकवल्या. तिच्या सासऱ्याचं गाढवसुद्धा आपल्या पिलाला पलीकडच्या गोठ्यात पाठवत नसे, हीही त्यांत होती. शेवटी म्हणाली, "अन्सेल्मो, नोकरी सुटली रे, पण खिडकी तुझ्या तोंडाला तशीच बसवलेली आहे. आजच्या आज फोन कर. दोन शब्द आहेत. घरी या."

अन्सेल्मोंनी त्याच आठवड्यात तीनदा फोन केला. पहिल्यांदा त्यांनी यंदा पाणी किती गार आहे ते सांगितलं. दुसऱ्यांदा बोटीचं नवीन वेळापत्रक वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा निश्चय करून, कागदावर लिहून बसले, तर ओर्नेल्लानेच आनंदाने सांगितलं की मेनाज्जोत घर मिळालं, पैसे भरले, आता रद्द होत नाही, तेव्हा तू आमची काळजी करू नकोस. अन्सेल्मोंनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, की मेनाज्जोच्या धक्क्यावरून डावीकडे वळायचं.

जुलै आला. माणसं आली. आजोबा रोज सकाळी बोटीने मेनाज्जोला जात. निवृत्तांना प्रवास फुकट असतो, तेवढाच एक दिलासा. ज्या गावाला जन्मभर मनातल्या मनात नावं ठेवली, तिथल्या बाकावर बसून ते ब्रूनोला बदकं दाखवत. एमिलियाने पहिल्या दिवशी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं. आजोबांचा आकार तिला पटला नाही, पण तिने तो स्वीकारला. संध्याकाळच्या बोटीने अन्सेल्मो परत निघत. ओर्नेल्ला म्हणे, "पापा, राहा ना आज इथेच." ते म्हणत, घरी थोडं काम आहे. घरी काम काय, तर वरच्या खोलीची खिडकी उघडायची, आणि लावायची.

रविवारी ती चौघं वारेन्नाला जेवायला आली. ढकलगाडी रामिरोनेच उचलली आणि एकाहत्तर पायऱ्या शीळ घालत चढला. अन्सेल्मो मागून त्याचे गुडघे बघत होते. त्या गुडघ्यांत तक्रार करण्यासारखं काहीही नव्हतं.

जेवण इयोलांदाच्या पद्धतीचं होतं. उन्हात वाळवून डब्यात दाबलेले तळ्यातले मासे निखाऱ्यावर भाजून, वर व्हिनेगर, आणि खाली मक्याच्या पिठाचा घट्ट पोलेंटा. ओर्नेल्लाने आत आल्याबरोबर भांड्यावरचं झाकण उचलून पाहिलं. अन्सेल्मोंनी मांडलेली ताटं पुन्हा एकदा मांडली. तेवढ्यात दोनाता टोपलीभर पाव घेऊन आली, सगळ्यांचे मुके घेतले, अन्सेल्मोंकडे बघून दोन बोटं वर केली आणि निघून गेली. दोन शब्द.

उन्हं कलली तेव्हा एमिलिया पेंगायला लागली. तिला टेकवायला ओर्नेल्ला वर गेली. बराच वेळ खाली आली नाही, म्हणून अन्सेल्मो गेले. एमिलिया पाळण्यात झोपलेली होती. ओर्नेल्ला पलंगाच्या कडेला बसली होती आणि तिच्या मांडीवर पिवळा टॉवेल होता.

"हे सगळं कुणासाठी?" तिने विचारलं.

"उन्हाळ्यात सगळेच खोल्या देतात," अन्सेल्मो म्हणाले. "पर्यटकांना."

ओर्नेल्लाने टॉवेलावरची अक्षरं बोटाने चाचपली. "पर्यटकांची नावं गोड आहेत हो."

अन्सेल्मोंनी पाळण्याचा दांडा हलतो का ते हात लावून पाहिलं.

"मी फोनवर विचारलं होतं, पापा, कुठे राहू म्हणून."

"तू गावांचं विचारलंस."

"मी तुला विचारलं होतं. दार ढकलून यायचं मला कळतं. पण आई नाही, तू सहा वर्षं एकटा. तुला दोन पोरांचा गोंधळ सोसेल का, हे कसं विचारायचं? म्हणून तसं विचारलं. म्हटलं, तू म्हणशील, काय वेडी आहेस का." तिने टॉवेलाची घडी घातली. "तू माझे गुडघे विचारलेस."

"रामिरोचे," अन्सेल्मो म्हणाले.

ती हसली, पण ते हसू नीट पुरं झालं नाही. मग दोघंही एमिलियाकडे बघत राहिली. पश्चिमेचं ऊन खिडकीतून आत येऊन पाळण्याच्या दांड्यापर्यंत पोचलं होतं. वारेन्नाला संध्याकाळचं ऊन चांगलं. खालून ब्रूनोचा आवाज येत होता. तो बापाला सांगत होता की या घरात झोपायला जायला जिना आहे. सामान मेनाज्जोत होतं, पैसे भरलेले होते, पण परतीचं विमान बुधवारी. म्हणजे अजून तीन रात्री होत्या. ओर्नेल्लाने पाय वर घेतले, उशीला टेकली आणि डोळे मिटले. अन्सेल्मोंनी ओठ ओले केले. दोन शब्द जिभेवर आले, अगदी दातांपर्यंत.

तेवढ्यात धक्क्यावर भोंगा वाजला.

अन्सेल्मो ताडकन उभे राहिले. म्हणजे ते राहिले नाहीत, त्यांचे पाय राहिले. "मेनाज्जोची शेवटची बोट," त्यांचं तोंड म्हणालं. "बारा मिनिटं. लहान मुलं आधी, ढकलगाडी घडी करून, तिकिटं हातात ठेवा." आणि ढकलगाडी खांद्यावर टाकून ते जिना उतरलेसुद्धा. मागून सगळी घाबरीघुबरी झाली, एमिलिया रडत उठली, रामिरो बूट हातात घेऊन धावला. एकाहत्तर पायऱ्या अन्सेल्मो सर्वांत पुढे होते. मधेच त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करतो आहोत, पण उतारावर लक्षात येऊन उपयोग नसतो.

धक्क्यावर आल्यावर कळलं, की बोट सुटायला अजून चार मिनिटं आहेत. हॉटेलवाल्यांनी दिलेलं घड्याळ पुढे होतं. ती चार मिनिटं सगळे एकमेकांसमोर उभे राहिले. ओर्नेल्ला बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती, जणू तिथली एखादी पाटी वाचायची आहे. अन्सेल्मोंनी ढकलगाडी उघडून दाखवली, पुन्हा मिटवली, ब्रूनोची टोपी सरळ केली, आणि म्हणाले, उजव्या बाजूला बसा, वारा लागत नाही.

बोट सुटली. कठड्यापाशी उभी राहून ओर्नेल्ला ओरडली, "पापा, सकाळची पहिली कितीला?"

"सात पंचावन्न," अन्सेल्मोंनी ओरडून सांगितलं. वेळ बरोबर होती. बोट फूटभर, मग दहा फूट, मग चांगली लांब गेली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की तिने वेळ विचारलेली नव्हती.

ते तिथेच उभे राहिले. शेजारी एक वयस्क जोडपं बॅगा घेऊन गोंधळलेलं उभं होतं. ते डच असावं. दोघांनी अन्सेल्मोंची हातवारे करायची पद्धत पाहिली आणि त्यांना धक्क्यावरचा माणूस समजून अदबीने विचारलं, की आठ दिवस मुक्काम करायचा आहे, तर कुठलं गाव चांगलं?

अन्सेल्मोंनी त्यांच्याकडे पाहिलं. मुलं विचारली नाहीत. गुडघे विचारले नाहीत.

"वारेन्ना," ते म्हणाले. आवाज चांगला खणखणीत निघाला. "माझ्या घरी या. वर खोली आहे. पलंग आहेत, पाळणा आहे, संध्याकाळचं ऊन येतं. पैसे नकोत. राहा हवं तितकं. या."

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाईंनी पर्स छातीशी घट्ट धरली, गृहस्थांनी दोन्ही बॅगा उचलल्या, आणि दोघं हळूहळू, पाठ न दाखवता, खिडकीकडे सरकली.

खिडकीत नवी मुलगी होती. तिने त्यांना काहीही न विचारता बेल्लाजोची दोन तिकिटं दिली.